बाळाचं नाव: हरतालिका ते अनंत चतुर्दशी

दादाला मुलगा झाला तो दिवस हरतालिकेचा. बारावा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी, आणि पौर्णिमा संपली की पितृपक्ष. त्यामुळे नाव अकरा दिवसांत ठरवायचं होतं. घरच्या ग्रुपवर तेव्हा जे बोलणं झालं ते इथे ठेवते आहे. माणसांची नावं काढून नाती ठेवली आहेत. 'मी' म्हणजे बाळाची आत्या.

हरतालिका

दादा: मुलगा झाला. पहाटे चार वीसला. तीन किलो शंभर ग्रॅम. दोघंही छान आहेत.

आई: देव पावला गं बाई! सूनबाईला आधी गरम काहीतरी प्यायला द्या.

मावशी: गणपतीच्या आदल्या दिवशी गणपतीच आला घरी 🙏

आबा: आनंद झाला. सोयर लागलं, उद्या आपला गणपती बसणार नाही. मूर्ती ठरवून ठेवली होती, त्यांना जाऊन सांगून येतो. माघी गणेश जयंतीला बसवू.

मी: दादा, बारसं चतुर्दशीलाच करावं लागेल. नाही जमलं तर मग नवरात्रच.

दादा: अगं, अजून त्याचा चेहराही नीट पाहिला नाही मी.

गणेश चतुर्थी

आबा: गुरुजींना जन्मवेळ कळवली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण, कन्या रास. अक्षर 'ण'.

चुलतभाऊ: 'ण' वरून नाव असतं का?

मावशी: पहिला चरण असता तर 'पू' तरी आलं असतं.

आबा: हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. अवकहडा चक्रात आहे तसंच आहे ते, आपण बदलायचं नाही. 'ण' पत्रिकेपुरतं राहील, गुरुजी नावरस नाव काढून देतील. हाक मारायचं नाव त्याच अक्षरावरून हवं असं बंधन नाही.

आई: माझं नावरस नाव मला लग्न जुळवताना कळलं. तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आबा: जुन्या पद्धतीत चार नावं असतात. एक कुलदेवतेवरून, आपली सप्तशृंगी. दुसरं महिन्यावरून. मार्गशीर्ष कृष्ण, पौष अनंत असं मोजत आलं की भाद्रपदाला 'हरी' येतं. तिसरं नक्षत्रावरचं. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने लिहितात. चौथं व्यवहारातलं, ते आईबापांनी ठरवायचं.

वहिनी: आबा, चौथं खरंच आमच्यावर सोडलंत का? 🙂

आबा: सोडलं. पण सुचवणार मी.

ऋषिपंचमी

मावशी: अथर्व, आरव, विहान, शिवांश. बघा यातलं एखादं.

वहिनी: मावशी, आमच्या इमारतीत तीन अथर्व आहेत. संध्याकाळी कुणी हाक मारली की तिघंही वर बघतात.

चुलतभाऊ: रियांश? कियान? सध्या खूप चालतात.

आई: अर्थ काय रे?

चुलतभाऊ: नेटवर 'देवाची कृपा' लिहिलंय.

मी: घरातल्या संस्कृत कोशात शोधलं, रियांश मिळालं नाही. ज्यांनी ठेवलंय त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मोठा झाल्यावर त्याने विचारलं 'माझ्या नावाचा अर्थ काय', तर खरं उत्तर देता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शेवटी कानात नाव मी सांगणार आहे. जे मला उमगत नाही ते मी कसं सांगू?

आई: अळिवाचे लाडू केलेत. उद्या पंचवटीत कोण नेऊन देतंय?

चुलतभाऊ: मी जातो.

गौरी आवाहन

आबा: माझं मत लिहितो. अनंत. बारसं अनंत चतुर्दशीचं आहे. शिवाय हे नाशिक आहे. अनंत कान्हेऱ्यांनी डिसेंबर १९०९ मध्ये इथल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नाव सोपं आहे, जुनं आहे, आणि त्याला अंत नाही.

मावशी: वा दाजी!

दादा: मला आवडलं.

मी: छान आहे. लाडाने 'अंतू' म्हणता येईल.

(वहिनीचा निरोप रात्री साडेअकराला आला. बाळ जागं असणार.)

वहिनी: आबा, रागावू नका. नाव मोठंच आहे. पण सातव्या महिन्यापर्यंत मी रोज गोल्फ क्लब मैदानावर चालायला जात होते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ते नाव वाचलं की एकच मनात यायचं, की विशीही न गाठलेला मुलगा १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला, त्याच्या आईने ते कसं सोसलं असेल. पोटात बाळ होतं म्हणून असेल. तेच नाव दिवसातून पन्नास वेळा माझ्या तोंडून निघणार नाही.

मला गौतम ठेवायचं आहे. मी पंचवटीत वाढले, सगळं लहानपण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी गेलं. आजी सांगायची, गौतम ऋषींच्या हातून चुकून गाय मेली, त्याचं पाप फेडायला त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केलं आणि गंगा खाली आली, म्हणून ती गौतमी. चूक मान्य करून एवढं पाणी आणणारा माणूस मला फार आवडतो. आणि शाळेच्या सहलीत बाईंनी पांडवलेणीला तीन नंबरच्या लेण्यात एक लेख दाखवला होता. गौतमी बलश्रीचा, सातकर्णी राजाच्या आईचा. मुलगा गेल्यानंतर तिने त्याची थोरवी दगडावर कोरून घेतली आणि ते लेणं बौद्ध भिक्षूंना दिलं. राजाची ओळख काय, तर गौतमीपुत्र. तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यात आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही.

दादा: खरंच नाही सांगितलंस.

मी: वहिनी, मी दोनदा वाचलं.

गौरी पूजन

(आबांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हतं.)

मावशी: गौतम छानच आहे गं. पण आपल्यात कमी ठेवतात हे नाव. लोक काही वेगळं समजतील, मग आडनाव विचारत बसतील. पोराला कशाला त्रास?

आबा: लोक काय समजतील ते मला कळलं. बुद्धांचं नाव आहे म्हणून कुणी विचारलं तर सांगायचं, हो, त्यांचंच आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

आबा: आज एक गोष्ट लिहितो, मुलांना कधी सांगितली नाही. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दर्शनासाठी बाबासाहेबांचा आणि दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह सुरू झाला. माणसं देवाच्या दारात आली आणि दारं लावून घेतली गेली. माझे वडील तेव्हा तरुण होते, पंचवटीतच होते, आणि दारं लावणाऱ्यांच्या बाजूला उभे होते. म्हातारपणी ते हे माझ्याजवळ बोलले. पूर्व दरवाजावरून जाताना त्यांची मान खाली जायची, ती मी पाहिली आहे. माझ्या नातवाचं नाव ठरवताना तसलं दार पुन्हा लावायचं नाही.

आबा: अनंत मी मागे घेतो. सूनबाई, तुमचं बरोबर आहे.

मावशी: दाजी, मी वाईट मनाने नव्हतं म्हटलं. शेजारच्या मुलाला शाळेत असंच विचारलं होतं, तो रडत घरी आला होता. ते आठवलं.

आबा: ठाऊक आहे मला. पण मग त्या मुलाच्या बाजूने बोलायचं.

आई: हे तुम्ही मलाही कधी सांगितलं नाहीत.

नववी रात्र

दादा: कामाचं बोलू. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहावं लागतं. चारही शब्द सलग म्हणून पाहिले. गौतम, मग हिचं नाव, मग माझं. जमतंय.

वहिनी: मला सगळ्यात हेच आवडलं. लेण्यातल्या राजासारखं आईचं नाव लगेच शेजारी.

चुलतभाऊ: महापालिकेत नाव लगेच द्यावं लागतं का?

दादा: जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्यातून जाते. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत फी नाही. त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण मी थांबणार नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. तिथे जे छापलं जाईल तेच आयुष्यभर.

मी: म्हणून स्पेलिंग तीनदा तपासा. माझ्या शाळेने दाखल्यावर माझ्या नावात एक 'ए' जास्तीचा घातला. दहावीच्या गुणपत्रिकेत तो आला, पदवीवर आला. पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, चार महिने गेले. आजही बँकेत सही करताना माझा हात क्षणभर थांबतो. बाळाच्या वाट्याला हे येऊ नये.

वहिनी: ताई, मी आज अजून एक करून पाहिलं. आईकडच्या गच्चीतून खाली हाक मारली. 'गौ' लांबवता येतो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला आवाज. खालच्या काकू विचारत होत्या, कोण आलं म्हणून!

आई: अगं बाळंतीण ना तू! गच्चीत कशाला गेलीस वाऱ्यात?

वहिनी: कान बांधून गेले होते आई 🙏

बारशाच्या आदल्या दिवशी

मी: उद्या सगळ्यांनी साडेनऊपर्यंत पंचवटीत पोचा. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते, दुपारनंतर रविवार कारंजा, मेन रोडने येता येणार नाही. इंदिरानगरवाल्यांनी पुलाचा भरवसा धरू नये, लवकर निघा.

मावशी: घुगऱ्यांचे हरभरे मी भिजत घातलेत. पाळण्याला फुलं आणते. झबलं-टोपडं आणि बाळंतविडा माझ्याकडून, कुणी दुसरा आणू नका.

आई: पाच सवाष्णी झाल्या. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या'ला मी आणि विहीणबाई.

मी: कानात कुर्रर्र करून नाव मी सांगेपर्यंत ग्रुपबाहेर कुणालाही कळवायचं नाही. स्टेटसला तर नाहीच. आणि पाठीत धपाटे जरा बेताने घाला.

मावशी: बाळाला पहिल्यांदा गौतम म्हणून मी मांडीवर घेणार. आत्ताच सांगून ठेवते.

आबा: घ्या. तुमचाच मान.

दादा: अर्जावर लिहितोय. जी, ए, यू, टी, ए, एम. सगळ्यांनी एकदा नीट वाचा.

वहिनी: बरोबर.

आबा: बरोबर.

चुलतभाऊ: बरोबर.

मी: पुन्हा एकदा लिही, अक्षरं सुटी करून.

दादा: जी. ए. यू. टी. ए. एम.

मी: बरोबर.