गाताना विराम खाल्ला जातो, उपाय?

प्रश्न: विद्यार्थी दोन ओळींमधली शांतता पुरी होऊ देत नाहीत, पुढची ओळ आधीच उचलतात. काय करावं?

प्रतिसाद १: विरामालाही मात्रा असतात. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. ४ मात्रा गा, ४ मनात मोजा. जमलं की मेट्रोनोमचा आवाज ८ मात्रा बंद करून बघा, परत लावल्यावर ठोका जुळतो का. घाई बहुधा श्वासामुळे होते. श्वास शेवटच्या मात्रेवर हिसक्याने घेतला जातो. तो विराम सुरू होताच, सावकाश घ्यायला लावा.

प्रतिसाद २: प्रश्न विचारल्यावर शिकवणाऱ्यानेही गप्प राहावं (हे जास्त अवघड!). अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, अबोल मुलंही बोलू लागली.

प्रतिसाद ३: पण अबोल म्हणजे बुजरा नव्हे. बुजऱ्याला बोलायचं असतं, भीती आडवी येते. त्याला आधी २ मिनिटं उत्तर लिहू द्या.