मदत हवी आहे: वडिलांचं क्रिएटिनिन २.४, नेफ्रॉलॉजिस्ट की युरोलॉजिस्ट? नाशिक

नमस्कार. अण्णा ६३ वर्षांचे, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. मी नाशिकला सिडकोत असतो. त्यांना चौदा वर्षांपासून शुगर, मागाहून बीपी. गेल्या दिवाळीत क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) १.७ होतं, आता २.४. इजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ४५ वरून २९ वर आलाय. लघवीतलं एसीआर (प्रोटीन किती जातं त्याचं माप) ६४०, पोटॅशियम ५.४, बीपी १६०/९५. फॅमिली डॉक्टरांनी नेफ्रॉलॉजिस्टसाठी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांसाठी, चिठ्ठी दिलीय.

त्रास काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. पायाला सूज येते, ती म्हणे बागेत उभं राहून. लघवी भरपूर होते, मग किडनी खराब कशी? गोडी छाटणी (फळासाठीची) नुकतीच झालीय, आता फवारण्या, मग विरळणी. माल निघेपर्यंत दवाखान्याचं नाव काढू नको म्हणतात. फारच झालं तर मुतखडा काढलेल्या डॉक्टरांकडे (युरोलॉजिस्ट) जाऊ. किडनीवाला डॉक्टर थेट डायलिसिसला लावतो, हे भाऊबंदांनी डोक्यात भरवलंय. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणतात.

मार्चपर्यंत थांबलं तर चालेल? मुतखड्याचे डॉक्टर हे बघतील का? नाशिकमधलं चांगलं नाव माहीत असेल तर व्यनि करा.

प्रतिसाद, गोदाकाठ:
थांबू नका. युरोलॉजिस्ट सर्जन असतो: खडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गातला अडथळा. शुगर-बीपीने किडनीची चाळणी खराब होणं, लघवीतून प्रोटीन जाणं, पोटॅशियम वाढणं हे नेफ्रॉलॉजिस्टचं काम. खड्याचा इतिहास आहे म्हणून सोनोग्राफी मात्र करून घ्या. अडथळा दिसला तर ते स्वतःच युरोलॉजिस्टकडे पाठवतील. लघवी किती होते यावरून किडनी किती गाळते हे कळत नाही, हे अण्णांना सांगा.

डायक्लोफेनॅक आजपासून बंद, ती किडनीला घातक. आणि शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे का? इजीएफआर ३० च्या खाली गेला की ती गोळी देत नाहीत. स्वतः बदल करू नका, पण फॅमिली डॉक्टरांना आजच फोन करा.

डायलिसिसची भीती उलटी आहे. माझी आई बरीच वर्षं नेफ्रॉलॉजिस्टकडे जाते, अजून वेळ आलेली नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी किडनीची घसरण मंदावते, पण ती साधारणपणे इजीएफआर २० च्या वर असतानाच सुरू करतात. वर्षात ४५ चा २९ झालाय, मार्चचा हिशोब तुम्हीच करा.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, फक्त ताजे नकोत. उताराचा वेग त्यातूनच दिसतो. गोळ्यांची पाकिटं, काढे-चूर्णं असतील तर तीसुद्धा. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या, शुगर दोन्हीकडे सारखीच खोडी काढते. रक्त शक्यतो उजव्या हाताच्या पंजावरून काढायला सांगा. पुढेमागे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडणं) करावा लागला तर डाव्या हाताच्या शिरा शाबूत हव्यात. अण्णा डावखुरे असतील तर उलट.

धागाकर्ता:
मेटफॉर्मिन होतीच. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बंद करून दुसरी गोळी लिहिली. परवाची अपॉइंटमेंट घेतलीय, अण्णांना सांगितलंय की नाशिकला औषधं आणायला जायचंय. आईने बीपीसाठी लो-सोडियम मीठ आणलंय, ते चालेल ना?

प्रतिसाद, गोदाकाठ:
अजिबात नको! त्यात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ५.४ वर ते विषच. साधंच मीठ, पण कमी. लोणचं-पापड बंद, आणि डॉक्टर सांगेपर्यंत नारळपाणीही.