मदत हवी आहे : रोटरीच्या शिष्यवृत्तीसाठी परदेशातील यजमान क्लब कसा मिळवावा?

नमस्कार,

पाणीपुरवठा आणि स्वच्छता या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशातील एका विद्यापीठाने मला प्रवेश देऊ केला आहे. शिक्षणशुल्क आणि राहण्याचा खर्च स्वतःच्या बळावर उचलणे शक्य नसल्याने मी रोटरी क्लबांच्या रोटरी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करत आहे. परंतु तिच्याविषयीची जुनी आणि नवी माहिती एकमेकांत इतकी मिसळलेली आहे की जाणकारांच्या मार्गदर्शनाशिवाय पुढे जाणे अवघड झाले आहे.

मला जे समजले आहे ते असे. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस 1947 मध्ये निवर्तले, त्यांच्या स्मरणार्थ फाउंडेशनकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि 1947-48 मध्ये 18 विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीपासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती 'अ‍ॅम्बॅसडोरियल स्कॉलरशिप' म्हणून ओळखली गेली. विद्यार्थ्याने जेथे शिकायचे तेथील क्लबांमध्ये जाऊन आपल्या देशाविषयी बोलायचे, तेथील लोकांत मिसळायचे आणि परतल्यावर तिकडचे अनुभव इकडे सांगायचे, अशी तिची रीत होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त झालेल्या सादाको ओगाता 1951 मध्ये याच शिष्यवृत्तीवर जपानमधून अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात शिकायला गेल्या होत्या. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली असताना शत्रुराष्ट्र राहिलेल्या देशातील तरुणीच्या शिक्षणाचा भार उचलला गेला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. 2013 पासून मात्र ती योजना बंद होऊन तिची जागा 'ग्लोबल ग्रँट' या अनुदान योजनेने घेतली आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी अडचण यजमान क्लबाची आहे. दोन्ही देशांतील क्लबांनी किंवा प्रांतांनी (रोटरीत प्रांत म्हणजे 'डिस्ट्रिक्ट', एका भागातील क्लबांचा गट) मिळून अर्ज करावा लागतो. आमच्या भागातील क्लब मला पुरस्कृत करायला तयार आहे, परंतु तिकडचा, म्हणजे यजमान, क्लब मीच शोधावा असे आमच्या क्लबाच्या पदाधिकाऱ्यांचे म्हणणे आहे. अनोळखी क्लबाला कोणत्या शब्दांत लिहावे, आणि मुळात ते मी लिहावे का?

दुसरी शंका विषयाची आहे. माझी पदवी रसायनशास्त्रातील असून त्यानंतर मी एका प्रयोगशाळेत विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी केली आहे. एकदा एका बाईंच्या हाती मी अहवाल दिला. त्यात फ्लोराइडचे प्रमाण 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या बरेच वर होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हे सगळं राहू दे, लेकरांना हे पाणी पाजू का नको, तेवढं सांग." पाजू नका, हे मी सांगू शकले, मग कोणते पाजायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. या अभ्यासक्रमाकडे मी वळले ती त्यामुळेच. असा अनुभव औपचारिक अर्जात लिहिणे योग्य ठरेल का?

तिसरे म्हणजे, माझे मामा मला पुरस्कृत करणाऱ्या क्लबाचेच सदस्य आहेत. नातेवाईक रोटरीत असल्यास अर्ज बाद होतो असे मला सांगण्यात आले आहे. आणि शेवटचे : देशादेशांतील सद्भावनेला नव्या योजनेत काही स्थान उरले आहे का? माझ्या दृष्टीने तो या शिष्यवृत्तीचा प्राण आहे.

प्रतिसाद

आमच्या प्रांताच्या शिष्यवृत्ती निवड समितीवर मी काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

मामांची काळजी करू नये. सदस्यांची मुले, नातवंडे, जोडीदार, आईवडील आणि आजी-आजोबा अपात्र ठरतात. भाची त्यांत येत नाही. मात्र मामांनी नाते लेखी कळवावे आणि आपल्या निवडीच्या बैठकीपासून पूर्णपणे दूर राहावे. हे आधीच केले, तर पुढे कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

यजमान क्लबाला आपण स्वतः पत्र लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनोळखी विद्यार्थ्याच्या पत्रात मदतीची मागणी आहे एवढेच वाचणाऱ्याला दिसते, आणि अशी पत्रे बहुधा अनुत्तरित राहतात. आपल्या प्रांताच्या फाउंडेशन समितीच्या अध्यक्षांनी तिकडच्या प्रांतातील त्याच पदावरील व्यक्तीला लिहावे. सोबत आपले प्रवेशपत्र, एका पानाचा परिचय आणि खर्चाचा अंदाज जोडावा. पैशांची व्यवस्था इकडे कशी होणार आहे, हे त्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात यावे. किमान अंदाजपत्रक 30,000 डॉलरचे असावे लागते, आणि प्रांताने आपल्या निधीतून दिलेल्या रकमेवर फाउंडेशनचा जागतिक निधी 80 टक्के भर घालतो. म्हणजे प्रांताच्या निधीतून सुमारे 16,667 डॉलर उभे राहिले, तरी किमान अंदाजपत्रक पूर्ण होते. हा हिशेब समोर असला की यजमान क्लबाला कळते की त्याच्याकडून मुख्य अपेक्षा पैशांची नसून माणसाची आहे : आपल्याला तेथे स्थिरावायला मदत करील आणि वर्षभर विचारपूस करील असा एक समुपदेशक त्यांनी नेमायचा असतो.

विषयाबाबत आपली बाजू भक्कम आहे. पाणी आणि स्वच्छता हे रोटरीच्या सात कार्यक्षेत्रांपैकी एक आहे. तथापि अभ्यासक्रमाचे नाव जुळले म्हणून अर्ज मंजूर होत नाही. पूर्वीचे काम, निवडलेला अभ्यासक्रम आणि पुढील कारकीर्द ही तिन्ही एका रेषेत आहेत का, हे फाउंडेशन पाहते. त्या बाईंचा प्रश्न अर्जात अवश्य लिहावा, किंबहुना सुरुवात तेथूनच करावी. मात्र त्यानंतर कोणते विषय शिकणार आणि परतल्यावर कोणत्या स्वरूपाचे काम करणार, हे नेमकेपणाने मांडावे. 'समाजाची सेवा करायची आहे' एवढ्या वाक्यावर समितीला काहीच ठरवता येत नाही.

सद्भावनेचा मुद्दा आपण काढलात, याचा मला मनापासून आनंद झाला. आजच्या योजनेचा भर कामाच्या टिकाऊ परिणामावर आहे हे खरे. परंतु विद्यार्थ्याने दोन्हीकडच्या क्लबांच्या उपक्रमांत भाग घ्यावा ही अपेक्षा कायम आहे. यजमान क्लबाला आपण काय देऊ शकता, हे अर्जात लिहावे. पाणी तपासणीविषयी तेथील शाळेत प्रात्यक्षिक घेण्याची तयारी दाखवणे, हे देशाची ओळख करून देणाऱ्या भाषणापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

धागाकर्ती

आपण इतक्या आपुलकीने सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल अत्यंत आभारी आहे. पत्राविषयी प्रांताच्या समितीशी लगेच बोलते. एकच विचारायचे राहिले : मंजुरी यायला उशीर झाला आणि पहिल्या सत्राचे शुल्क मी उसने घेऊन भरले, तर ते नंतर परत मिळू शकते का?

प्रतिसाद

नाही. मंजुरीपूर्वी झालेला खर्च अनुदानातून भरून दिला जात नाही, म्हणून त्या आशेवर कर्ज काढू नये. वेळेत मंजुरी मिळण्याची चिन्हे नसतील, तर प्रवेश पुढील सत्रापर्यंत लांबवता येतो का, हे विद्यापीठाला आजच विचारून ठेवावे. त्याचबरोबर आपल्या प्रांताकडे 'डिस्ट्रिक्ट ग्रँट' या प्रांताच्या स्वतंत्र अनुदानातून शिष्यवृत्ती देण्याची सोय आहे का, याचीही चौकशी करावी. ती रक्कम बहुधा लहान असते, परंतु तिला 30,000 डॉलरची अट नाही.