वॉचमनकाकांच्या मुलाने आयटीआयला कुठला ट्रेड घ्यावा?

ए-103 सेक्रेटरी: मंडळी, आपल्या वॉचमनकाकांचा मुलगा दहावी पास झाला. आयटीआयचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. काका आधी गवंडीकाम करायचे म्हणून पोरगा पण बांधकामातच जाणार म्हणतोय, पण मशीन आली की कुठलं काम टिकेल ते जाणकारांनी सांगा, उद्या भरतोय

बी-302 काकू: अरे वा, अभिनंदन! पेढे पाहिजेत हां

बी-201: मी साईटवरच असतो म्हणून सांगतो. पूर्वी स्लॅब म्हटलं की घमेल्यांची रांग लागायची, आता आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी आणि पंप आला की मोजक्या माणसांत दुपारपर्यंत काम आटपतं. मोठ्या टॉवरला तर ॲल्युमिनियमचं शटरिंग, मायवान म्हणतात ते, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, वीटकाम जवळपास राहतच नाही. 2023 ला बेंगळुरूत एल अँड टीने आयआयटी मद्रासच्या मदतीने थ्रीडी प्रिंटिंगने पोस्ट ऑफिस बांधलं, 1021 स्क्वेअर फूट, 43 दिवसांत. पण बघा, भिंत छापून होते, नळ आणि वायरिंग काय छापून येत नाही

ए-404: ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी 2013 ला 702 कामांचा अंदाज काढलेला, अमेरिकेतल्या कामांचा. इलेक्ट्रिशियन 15 टक्के, प्लंबर 35, सुतार 72, वीटकाम 82. म्हणजे ते काम मशीनला जमण्याची शक्यता एवढी, नोकरी जाणारच असं नाही

सी-102 अप्पा: अमेरिकेतली वीट एकसारखी असते रे. आपला जांभ्या दगडाचा चिरा एक फुगलेला, एक कोपरा गेलेला, गवंडी हातात घेऊन तासतो तेव्हा बसतो. ते मशीन कसं करणार?

बी-201: खरंय अप्पा, पण तो चिरा खाणीतून काढायला पूर्वी माणसं टिकाव घेऊन उभी असायची, आता चक्रीचं मशीन फिरतं. आणि नवीन बिल्डिंगला चिरा लावतं कोण, सगळीकडे ब्लॉक. चांगल्या गवंड्याला काम मिळेलच, मला स्वतःला हवाय, पण 16 वर्षांच्या पोराने पुढची 40 वर्षं त्याच्यावर काढावीत असं मला नाही वाटत. मी तर म्हणतो नवीन साईट आणि जुनं घर असा फरक करून बघा. साईटवर सगळं मोकळं, एका मापात, तिथे मशीन शिरणार. जुन्या घरात माळ्यावर वाकून जावं लागतं, कुठली वायर कुठून फिरवलीय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे स्विचबोर्ड, नळ, सळ्या सगळं लवकर सडतं. दुरुस्ती संपणारच नाही

बी-302 काकू: हे अगदी खरं. माझं माहेर दापोलीकडे, 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलं, पत्रे, पोफळी सगळं आडवं झालं, लाईट यायला किती दिवस गेले, कौलं चढवायला माणूस मिळेना. वायरमन पोरं पावसात खांबावर चढत होती आणि वाडीतल्या बायका त्यांना पेज करून घालत होत्या. त्या पोरांना अजून घरच्यासारखं बोलावतात तिकडे

ए-404: शिवाय छतावरच्या सोलरच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, आळीत किती पॅनल लागलेत बघा, हे लावणार आणि सांभाळणार कोण?

सी-102 अप्पा: मग प्लंबर का नको? एक वर्षाचा तर कोर्स, इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं. घरी कमावणारा एकटा बाप आहे

बी-201: हा मुद्दा बरोबर आहे अप्पा. पण वायरमनचं परमिट हातात असलं की नोकरी पण मिळते आणि स्वतःची कामं पण घेता येतात, एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल. फी आणि पुस्तकांचं मी बघतो

बी-302 काकू: अर्धं माझ्याकडून

ए-103 सेक्रेटरी: आत्ता खाली जाऊन काकांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले गवंडीकामाने घर चाललं पण कंबर गेली, पोराला तिथे नका पाठवू. पहिला ऑप्शन इलेक्ट्रिशियन, दुसरा प्लंबर टाकतोय. ए-404 ताई, उद्या 10 ला लॅपटॉप घेऊन खाली याल का? मार्कशीट आणि आधारच्या झेरॉक्स काढून ठेवतो