फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव रोज: लाखाच्या आतली ई-स्कूटर कुठली?

फुलेवाडीकर:
कोल्हापुरात रोजचं जाऊन-येऊन साधारण ३० किमी, त्यातला बराच रस्ता हायवेचा. ऑन-रोड लाखाच्या आत बसवायचंय. २.२ किलोवॅट-अवरची बॅटरी पुरंल का ३ ची बघू? घर दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगात ६ अँपचा एकच सॉकेट. विना-लायसन, ताशी २५ किमी स्पीडवाली चालंल काय?

हबमोटर:
२५ वाली हायवेला नको. २५० वॉटची मोटर, मागून ट्रक, कशाला नाद करताय? आणि विक्रेता ‘स्पीड खोलून देतो’ म्हणाला तर तिथनं उठा. २५ च्या वर पळाली की ती कायद्यानं मोटार वाहन होते: नोंदणी नाही, विमा नाही, अपघातात सगळं तुमच्या अंगावर.

आता बॅटरी. कंपनीची रेंज (एका चार्जला किती किमी पळते तो आकडा) विसरा, किमीला ३० वॉट-अवर खर्च धरा. २.२ मधले वापरायला २ च, म्हणजे २००० वॉट-अवर मिळतात असं समजा, म्हणजे ६५ किमी. डबल सीट आणि हायवेला ६० चा वेग असेल तर किमीचा खर्च ३८ वॉट-अवरपर्यंत जातो, मग ५२ किमी. ४० चा ६० केला की हवेचा अडथळा सव्वादोनपट होतो, रेंज तिथंच गळते. चार-पाच वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली तरी ४० किमी निघतील. तुमच्या ३० ला २.२ पुरतं. संध्याकाळी परत पन्हाळा-जोतिबा करणार असाल तरच ३.

टीव्हीएस आयक्यूब २.२ ची बॅटरी गाडीतच असते. हीरो विडा व्हीएक्स२ गो ची काढून वर नेता येते. दुसरा मजला बघता मी विडाकडे झुकेन, पण आधी बॅटरी एका हातानं जिना चढवून बघा, मग ठरवा.

वायरमन_राजारामपुरी:
गाडीपेक्षा आधी तो सॉकेट बघा भावा. ९५० वॉटचा चार्जर साडेचार अँपच्या आसपास ओढतो. ६ अँपच्या सॉकेटला आकड्यात चालतंय, पण तीन-चार तास सलग, आणि पिन ढिली असली की तिथंच गरम होऊन प्लास्टिक वितळतं. चार्जर जळाला म्हणून जे बोंबलतात त्यांतल्या निम्म्यांचा सॉकेटच काळा पडलेला असतो.

करायचं एवढंच: १६ अँपचा सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर मीटरपासून वेगळी, १६ अँपचा एमसीबी (जादा करंट ओढला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसायला लागला की लाइन तोडणारा). न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टीमीटरला ३ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग आधी नीट करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

बिलाचं म्हणाल तर ३० किमीला भिंतीतनं साधारण १.१ युनिट. महिन्याला २८-३० युनिट वाढतात, पण ते तुमच्या वरच्या स्लॅबला, म्हणजे जास्त दराला लागतात, हे कोण सांगत नाही.

फुलेवाडीकर:
वायरिंग करून घेतो. गल्लीत पावसाळ्यात पाणी येतं, २०१९ आणि २०२१ ला तर विचारूच नका. वॉटरप्रूफ म्हणतात ते कितपत खरं?

हबमोटर:
वॉटरप्रूफ म्हणून आयपी६७ हे रेटिंग सांगतात, ते म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, तेही स्वच्छ पाण्यात, नव्या सीलवर, आणि बहुतेकदा फक्त बॅटरीला. कनेक्टर, चार्जर, ब्रेकचा ड्रम त्यात धरू नका. पंचगंगेचं पाणी गाळ घेऊन येतं. पाणी ओसरल्यावर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि महिन्याभरानं गाडी मध्येच बंद पडायला लागते.

नदीनं इशारा पातळी गाठली की गाडी उंचावर हलवा, बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा. शून्यावर पंधरा दिवस पडली तर सेल खाली जातात, मग बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्ज घेत नाही. बुडालीच तर चालू करून बघायचा मोह नको, चार्जर तर लावूच नका. टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला न्या आणि सगळे कनेक्टर उघडून साफ करायला सांगा.

वायरमन_राजारामपुरी:
आणि पार्किंगातला तो नवा सॉकेट छातीएवढा उंच घ्या, जमिनीलगत नको.