'कॉन्फ्लिक्ट'ला संघर्ष म्हणायचं की गुंता?

ओवीवेडी: अनेकांनी मिळून एकच मजकूर लिहायचा अशा एका सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतेय. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की 'कॉन्फ्लिक्ट' येतो, तिथे मी सरळ 'संघर्ष आढळला' लिहिलं होतं. चाचणी करणाऱ्या एका मुलीने ते वाचलं आणि लगेच सहकाऱ्याला फोन लावला, "सर, माझं काही चुकलं का? तुमच्याशी संघर्ष झालाय असं दाखवतंय." खरंच घाबरली होती हो. झालं होतं एवढंच की एकाच वाक्यातली तारीख त्यांनी १२ केली होती आणि तिने १५. तर शब्द बदलायचाय, आणि शेजारच्या 'रिझॉल्व्ह' बटणावर काय लिहू तेही सांगा.

जुनी_पोथी: संघर्षच ठेवा. सम् + घृष्, म्हणजे एकमेकांवर घासणं. कॉन्फ्लिक्टचं लॅटिन मूळही एकमेकांवर आदळणं असंच आहे, इतका जवळचा शब्द दुसरा मिळायचा नाही. लोकांना मोर्चे आठवतात म्हणून चांगला शब्द टाकायचा का?

तिसरी_ओळ: धातू आठवून बटण कोण दाबतं? मी रोज गिट वापरतो, म्हणजे अनेकांनी कोडमध्ये केलेले बदल नोंदवून एकत्र करणारं सॉफ्टवेअर. मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, अडकलं की फाइलमध्ये सात कोनी खुणा (<<<<<<<), खाली आपला मजकूर, मग बरोबरची सात चिन्हं, मग समोरच्याचा मजकूर, परत सात कोनी खुणा. ते बघून आमच्यात सगळे 'गुंता झालाय' म्हणतात, कोणी ठरवून दिलं नाही. आणि गुंता 'सोडवतात', म्हणजे तुमचं बटणही सुटलं. संघर्ष सोडवा कसं वाटतं कानाला?

काना_मात्रा: पेच? पेचही सुटतो, आणि गुंत्यापेक्षा आटोपशीर.

जुनी_पोथी: पेच फारसी आहे. संस्कृत शब्द हाताशी असताना फारसीकडे का जायचं ते मला कळत नाही.

काना_मात्रा: मग 'विकी' या शब्दाचं काय करायचं? कोणालाही बदलता येईल अशी पहिली विकी वेबसाइट बनवणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून ते नाव घेतलं, हवाईयन भाषेत अर्थ 'झटपट'. जगाने तसंच उचललं, आपणही. पेच तर आपल्या आज्ज्यांच्या तोंडी होता, तो परका कसा?

पाठभेदी: मला वाटतं आपल्याकडे याला नेमका शब्द आधीपासून आहे, पाठभेद. नकलाकारांनी उतरवलेल्या प्रती एकमेकींशी जुळेनात, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. अनेक हातांनी लिहिलेलं एकत्र करायचं, हेच काम. 'दोन पाठभेद आढळले' वाचून कोणी फोन करून माफी मागणार नाही.

तिसरी_ओळ: शब्द सुंदर आहे पण एक अडचण. प्रती ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत एक पाठ वर आणि दुसरा तळटीपेत, दोन्ही जगतात. इथे निवड केल्याशिवाय पुढेच जाता येत नाही. ती अडकल्याची भावना गुंत्यात आहे, पाठभेदात नाही. आणि एक, गिटच्या आधीच्या आरसीएससारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलला कुलूप लागायचं, एकाच्या हातात असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, म्हणून हा प्रकार फारसा यायचाच नाही. नंतर आलेल्या सीव्हीएसने सगळ्यांना एकदम लिहू दिलं आणि हा शब्द रोजचा झाला.

ओवीवेडी: पाठभेद मला फार आवडला, पण तिसरी_ओळ म्हणतात ते पटतंय. बटणावर 'पाठ निवडा' असं केलं तर?

काना_मात्रा: आणि दोन्ही तारखा चुकीच्या असल्या, तिसरीच लिहायची असली तर? तेव्हा निवडत नाही आपण, नव्याने लिहितो. बाकी असे शब्द मराठी विकिपीडियाने छान केलेत, सराव करायच्या पानाला, म्हणजे सँडबॉक्सला, वाळूपेटी नाही केलं, धूळपाटी केलं. पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवायचं आणि पुसायचं, अर्थ चपखल बसतो. सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या सामायिक पानाला चावडी.

जुनी_पोथी: धूळपाटी खरोखर उत्तम, हे मी मनापासून मान्य करतो. पण बघा, तो शब्द मराठीच्या पोटातून आला, कोणी वापरात सापडला म्हणून उचलला नाही. आणि मग धूळपाटी की धुळपाटी? फुलपाखरूत फु ऱ्हस्व लिहितो आपण.

काना_मात्रा: पोटातून म्हणजे वापरातूनच ना! आणि मी दीर्घच लिहिणार, उच्चारही तसाच आहे माझा.

पाठभेदी: फूलबाग कसं लिहिता मग?

ओवीवेडी: अहो, धूळपाटीसाठी वेगळा धागा काढा ना. तूर्त मी 'गुंता' आणि 'सोडवा' टाकून बघितलं. पण त्या सूचनेत आकडा येतो, म्हणजे '३ गुंते आढळले' असं दिसतंय. अनेकवचन बरोबर आहे, तरी मी आजवर कोणाला गुंते मोजताना ऐकलेलं नाही. तुम्ही कोणी ऐकलंय?