मदत हवी आहे: रोज घालायला सोन्याचं पाणी दिलेलं गळ्यातलं, लवकर काळं न पडणारं (खानापूर-बेळगाव)

खानापूरची_सून

नमस्कार मंडळी. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेल्यापासून आमच्याकडं घरोघरी एकच रीत झाली आहे: लग्नातलं लॉकरात आणि रोजच्याला वन ग्राम (सोन्याचं पाणी दिलेलं नकली). मलाही तसंच एक घ्यायचंय, फक्त टिकलं पाहिजे.

मी खानापूरहून रोज बेळगावला येते, कपड्याच्या दुकानात कामाला आहे. कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून बसची गर्दी तुम्हाला सांगायला नको. उभ्यानं यायचं आणि घामानं भिजून उतरायचं. घरी गेल्यावर भांडी, धुणं. त्यात आमच्या तालुक्यातला पाऊस, अंगावरचा पदरसुद्धा दिवसभर वाळत नाही. म्हणजे "घालायच्या वेळी घाला, मग काढून कापसात ठेवा" हा सल्ला मला लागू नाही. गळ्यात असेल ते गळ्यातच राहणार.

सध्याचं आहे ते एका दुकानातून "कलर ग्यारंटी" म्हणून घेतलेलं. पुढून अजून पिवळं दिसतंय. मानेमागं मात्र, कडीच्या दोन्ही बाजूला, आधी पांढरट झालं, मग तांबूस, आता काळपट. तिथंच मानेला पुरळ उठून खाज सुटायलीय आणि ब्लाऊजच्या गळ्याला हिरवट डाग पडतोय. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "अक्का, तुमच्या अंगात उष्णता हाय."

घ्यायची आहे १८ इंची साखळी किंवा बारीक बोरमाळ. हजार ते दोन हजारापर्यंत. मायक्रॉन मायक्रॉन म्हणतात ते काय? पितळेवरचं बरं की चांदीवरचं? स्टीलवरचं पण विकायलेत आता, ते कसं असतं? बेळगाव, निपाणी, फार तर कोल्हापूर इथवर जाईन. ऑनलाईन नको, हातात घेतल्याशिवाय मला पटत नाही.

चंदगडची

ताई, पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारा. मी कानातल्याला मारते, मस्त राहतं.

उद्यमबागवाला

कानातल्याची दांडी एका जागी असते, तिथं चालून जाईल. साखळीची कडी कडीवर दिवसभर घासते, तिथं नेलपॉलिश पापुद्र्यानं निघतं आणि निघालेल्या कपारीत घाम बसतो. साखळीला नको.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, प्लेटिंगच्या (धातूवर धातूचा थर चढवायच्या) कामात आहे. आमच्या टाक्या जस्ताच्या आणि निकेलच्या, मशीनच्या सुट्या भागांसाठी. सोनं आमच्याकडं येत नाही, पण तत्त्व एकच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मानेचं. उष्णता-बिष्णता काही नाही. बहुतेक नकली दागिन्यांत पितळ किंवा तांब्यावर निकेलचा थर देतात आणि त्यावर सोनं. निकेल मधे घालतात ते उगीच नाही. सोनं थेट तांब्यावर चढवलं तर तांबं हळूहळू सोन्यात शिरतं आणि रंग मळका होतो. निकेल त्याला आडवतं. पण वरचं सोनं घासून गेलं की तेच निकेल कातडीला लागतं, आणि पुष्कळ लोकांना निकेल सोसत नाही. तुमचं पांढरट झालं तेव्हा निकेल उघडं पडलं असणार. पुढं तेही गेलं आणि तांबूस दिसलं ते खालचं तांबं किंवा पितळ. घामातलं मीठ तांब्याशी लागलं की हिरवा डाग. क्रम बघा, तुम्ही लिहिलाय तस्साच आहे. काहींचा घाम जास्त खारट-आंबट असतो, दुकानदाराचं एवढंच खरं.

आता मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. तुमच्या साखळीचा सगळा पृष्ठभाग मिळून ३० चौरस सेंटीमीटर धरू. त्यावर एक मायक्रॉन सोनं म्हणजे ०.००३ घनसेंटीमीटर, आणि सोन्याची घनता १९.३, म्हणजे साधारण ५८ मिलिग्रॅम. आजच्या भावानं एवढ्या सोन्याचेच सहाशेच्या पुढं होतात; पितळ, मजुरी, दुकानाचं भाडं, सगळं वेगळं. मग तीनशे रुपयांच्या साखळीवर "अडीच मायक्रॉन" छापलं असेल तर तुम्हीच काय ते ठरवा. "वन ग्राम"चंही तेच. खरोखर एक ग्रॅम चढवलं तर त्याच साखळीवर सतरा मायक्रॉनचा थर बसेल. तसं कोणी करत नाही. ते विकायचं नाव आहे, वजन नाही. स्वस्तातल्या चकाकणाऱ्या मालावर मायक्रॉनचा दहावा हिस्सा असला तरी पुष्कळ झालं. आमच्या भाषेत त्याला फ्लॅश म्हणतात. रोजच्या घामाला एक मायक्रॉनच्या खालचं घेऊच नये असं माझं मत.

आणखी एक, "२४ कॅरेट प्लेटिंग" ऐकून हुरळू नका. शुद्ध सोनं मऊ, लवकर झिजतं. सोन्यात किंचित कोबाल्ट मिसळून चढवलेला थर कडक होतो आणि जास्त टिकतो. रंग जरा फिका दिसेल, दिसू दे.

खानापूरची_सून

दादा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे मी निकेल नसलेलंच बघायचं ना? दुकानात विचारलं तर सगळेच "निकेल नाही, निकेल नाही" म्हणणार.

उद्यमबागवाला

म्हणणारच. तोंडी नको, पावतीवर लिहून मागा: खालचा धातू कोणता, सोनं किती मायक्रॉन, निकेल आहे की नाही. जो लिहून देईल त्याच्याकडून घ्या. युरोपात याला नियमच आहे, कातडीला कायम लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागं ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. म्हणून बाहेर पाठवायचा माल करणारे निकेलऐवजी तांबं-कथील-जस्ताचा पांढरा ब्राँझ किंवा पॅलेडियम वापरतात. तो माल आपल्याकडंही मिळतो, फक्त तीनशेला नाही.

खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे किंवा निकेलचा जाड थर आहे, परत ठेवा. चिकटलं नाही म्हणून लगेच चांगलं असंही नाही, पितळ, तांबं, चांदी कशालाच चिकटत नाही.

शहापूरकरीण

आमचं घर सराफीतलं, त्यामुळं मी दुसऱ्या बाजूनं सांगते. लोक पुढचं पेंडंट निरखून बघतात आणि कडी बघतच नाहीत. मोडतं नेहमी मागं. माळ हातात घ्या आणि आधी फासा उलटा करून बघा. पोपटाच्या चोचीसारखा जो चापाचा फासा येतो, त्याच्या आत पोलादी स्प्रिंग असते. घामानं ती गंजते, चाप उघडा राहतो आणि माळ कधी पडली कळतसुद्धा नाही. साधी इंग्रजी एस आकाराची कडी घ्या. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि बिघडलीच तर कोणीही सोनार चहा पिता पिता बदलून देतो. कडीशेजारचं वळं नखानं फाकवून बघा. फट दिसली तर त्याला डाग दिलेला नाही, म्हणजे ते झाळून जोडलेलं नाही. बसच्या दांड्याला धरताना पदर ओढला गेला की तिथूनच सुटणार.

नक्षी जितकी उठावाची तितकी उंचवट्यावर आधी झिजते. गोल, गुळगुळीत, जरा जाडसर कड्यांची साखळी घ्या. दिसायला साधी वाटेल पण पिवळी राहील.

बोरमाळ रोजच्याला नको म्हणेन मी. खऱ्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ, लाखेनं भरलेले. नकलीतही हलके मणी असतातच. मणी मण्यावर घासून भोकाच्या कडेचं पाणी आधी जातं, दोरा घामानं कुजतो, सारखं गाठवून घ्यावं लागतं. हळदी-कुंकवाला, गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला घाला की, शोभतेच ती.

निपाणीकर

चांदीवर मुलामा दिलेलं बघा की. आमच्या वैनी तेच वापरतात. हुपरी जवळच, चांदीचं गावच ते. आणि कोल्हापूरला गेलात तर गुजरीत (सराफ बाजारात) फिरा, चांदीची साखळी आधी पसंत करायची, मग तिच्यावर सोन्याचं पाणी चढवून मागायचं. पाणी उडालं तरी परत चढवता येतं, आणि उद्या नको झाली तर चांदी मोडीत जाते. पितळेचे कोण किती देणार?

उद्यमबागवाला

निपाणीकरांचं बरोबर आहे. ९२५ शिक्क्याची (साडेब्याण्णव टक्के शुद्ध) चांदी असली तर निकेलची गरज पडत नाही. चांदीही सोन्यातून वर येते आणि हवेतल्या गंधकानं काळवंडते, त्यामुळं थर जाडच हवा. अमेरिकेत चांदीवरच्या चांगल्या मुलाम्याला अडीच मायक्रॉनची अट असते. पण झिजल्यावर ते तांबूस-हिरवं होत नाही आणि पुरळ सहसा येत नाही. चांदीचा भावही आता वाढलाय, तुमच्या दोन हजारात बारीकच साखळी येईल.

फक्त "परत पाणी चढवणं" कसं करतात ते विचारा. जुना थर उतरवून, पॉलिश करून, तेलकटपणा पूर्ण काढून मग चढवलं तरच धरतं. वरच्यावर बुडवून दिलं तर देताना झकास दिसतं आणि घरी आल्यावर दोन आंघोळीत उतरतं.

खानापूरची_सून

आणि स्टीलचं? दुकानातली पोरगी "वॉटरप्रूफ, पोहायला जावा" म्हणत होती. मी कुठं पोहायला जाते, मलप्रभेत?

उद्यमबागवाला

बसमध्ये रोज घामानं भिजणाऱ्यासाठी मी पहिल्यांदा हेच सुचवीन. ३१६एल नावाचं स्टील असतं. त्यावर निर्वात पेटीत थर बसवतात, त्याला पीव्हीडी म्हणतात. पिवळा रंग बऱ्याचदा टायटॅनियम नायट्राइडचा असतो, तो सोन्यापेक्षा कितीतरी कडक. त्यावर कधी सोन्याचा अगदी पातळ हात असतो, कधी नसतोही. म्हणजे यात सोनं शोधू नका, रंग घेताय असं समजा. खालचं स्टील गंजत नाही, त्यामुळं समजा कुठं घासलं तरी पांढरं दिसेल, हिरवं नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ३१६एलमध्येही निकेल असतं, दहा-बारा टक्के. ते धातूत घट्ट बांधलेलं असल्यानं फार कमी सुटतं आणि बहुतेकांना त्रास होत नाही, पण तुमची मान आधीच सोललेली आहे. पुरळ पूर्ण बरं होईपर्यंत गळ्यात काहीच नको. एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, निकेलची पॅच टेस्ट होते, कातडीला पट्टी लावून बघतात. निकेलच निघालं तर स्टीलसुद्धा जपून. दुसरं, पीव्हीडीचा रंग गेला तर इथला सोनार तो परत चढवू शकत नाही.

शहापूरकरीण

स्टीलच्या साखळीला हौसेची चमक जरा जास्तच असते, आमच्या आजी लांबून ओळखतात. घासून-मंद केलेली, जिला मॅट म्हणतात, ती घेतली तर खऱ्यासारखी दिसते आणि ओरखडेही लपतात.

धुण्याबद्दल. टूथपेस्ट, चिंच, खायचा सोडा, पितळ घासायची पावडर यातलं काहीही लावू नका. सोन्याचा थर तुम्हीच खरवडून काढाल. सोनाराकडं उजाळ्यालाही देऊ नका, तो आम्लात बुडवतो. खऱ्या सोन्याला ते चालतं, याला नाही. रात्री साध्या पाण्यात बुडवून काढा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं टिपा, घासू नका. काढायला होत नसेल तर गळ्यातल्या गळ्यात, निदान मानेमागचा भाग तरी ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा. अत्तर, तेल लावून वाळल्यावर मगच माळ.

चंदगडची

गळ्यातलं ओढून नेणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही हेही लिहून ठेवा कोणीतरी. माझ्या नणंदेची नकलीच ओढली, मान मात्र खरीच कापली. गर्दीत पदर पुढून घ्या.

खानापूरची_सून

सगळ्यांचे आभार. ठरलं: आधी डॉक्टर. साखळी, टेस्ट नीट आली तर स्टीलची मॅट, नाहीतर चांदीवर मुलामा, भले बारीक का असेना. मंगळसूत्राचं मात्र अडलंय. सासूबाईंना विचारलं, काळ्या मण्यांची नुसती पोत चालेल का, तर म्हणाल्या चालेल, पण वाट्या खऱ्या पाहिजेत. दोन छोट्या वाट्या म्हणजे ग्रॅम-दीड ग्रॅम होतील. त्यात फसवणूक होणार नाही ना? हॉलमार्क असतोच ना?

शहापूरकरीण

सासूबाई हुशार आहेत. असंच करा, जुन्या बायका हेच करायच्या.

दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळं शिक्का नसला म्हणून लगेच खोटं समजू नका. पावतीवर कॅरेट, निव्वळ वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. वाट्यांच्या आत लाख भरलेली असेल तर ती वजनात धरली नाही ना, हे तिथंच विचारा. दोन ग्रॅमच्या वर गेलात तर २०२३ च्या एप्रिलपासून एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-आकड्यांचा त्या वस्तूचा क्रमांक, असल्याशिवाय बहुतेक दुकानदारांना विकताच येत नाही. तो क्रमांक सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कॅरेट दिसतं. आणि वन ग्रामच्या मालावर ९१६ (हा बावीस कॅरेट खऱ्या सोन्याचा आकडा) कोरलेलं दिसलं तर त्या दुकानातून पाणीसुद्धा पिऊ नका.

पोत दोऱ्यात ओवून घ्या, तारेत नको. पिवळी तार म्हणून देतात तीही पाणी दिलेलीच असते, आणि ती बरोबर तुमच्या पुरळाच्या जागीच टोचणार.